बुटांचे पाद्रिनो

राजधानी, १४ जानेवारी १९८१

ती. ओतिलियाताईस,
सा. न. आणि शिव्या खायची पूर्ण तयारी.

तुझे तमाले पोचले. डबा उघडला तर वास थेट गव्हर्नरच्या दालनापर्यंत गेला. आमचं विधेयक मात्र तिथवर जाईना. लॅटिनो लोकांची बाजू मांडायला राज्याचा आयोग हवा, आणि तो एका मतावर अडलाय. अडवणारा तुझ्याच भागातला सिनेटर हॅल्वर्सन. या लोकांना असं दुखतंय तरी काय, असं विचारतो. इकडे आपले पोर्टोरिकन म्हणतात, सगळ्या खुर्च्या मेक्सिकन बळकावणार. अगं, खुर्च्या अजून विकतही आणल्या नाहीत! काहीतरी कर.

लोभ आहे, धीर नाही.
तुझा रामिरो

सँडरीज, ८ मार्च

चि. रामिरोस,
अ. आ. आणि एक टपली.

रडका तो रडकाच! काल आपल्या नॉर्माच्या पंधराव्या वर्षाचा सोहळा झाला. केकचा खर्च उचलणारे पाद्रिनो चुचोकाका, बँडचा आमचा मुकादम, आणि उंच टाचांच्या बुटांचे पाद्रिनो कोण? सिनेटर हॅल्वर्सन! त्याला वाटलं, बूट द्यायचे, फोटो काढायचा की सुटलो. मेल्याला काय ठाऊक, पाद्रिनो झाला की पोरीचा धर्मबाप, जन्माचा घरचा. मी शेजारी बसवून दोनदा मोले वाढलं आणि सोयऱ्याला मारावी तशी कोंपाद्रे म्हणून हाक मारली.

मग नॉर्माला म्हटलं, तुझ्या पाद्रिनोला इस्पितळातलं सांग. पाच वर्षांमागे तिथे दुभाषी नव्हता, म्हणून तिची आई वाचणार नाही हे डॉक्टरने तेव्हा दहा वर्षांच्या या पोरीकडूनच तिच्या आजीला सांगवलं. नॉर्माने सगळं सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं. मला अजून संताप येतो रे. दुसऱ्या कुणाच्या पोरीवर ही वेळ यायला नको, एवढ्यासाठी हवाय तुझा आयोग.

जेवत जा.
ताई

राजधानी, २२ एप्रिल

ती. ताईस,
सा. दंडवत!

झालं! हॅल्वर्सनने हात वर केला. पक्षवाले चावायला उठले, तर म्हणाला, घरचा मामला आहे. मी संडासात जाऊन रडलो, कुणाला सांगू नकोस.

तुझा रामिरो

सँडरीज, ९ नोव्हेंबर

चि. रामिरोस,
अ. आ.

कोंपाद्रे निवडणुकीत सपाटून आपटला. तुमच्या त्या मतापायी त्याच्याच लोकांनी त्याला पाडलं. पक्षवाले फोन उचलत नाहीत, चर्चमध्ये शेजारी कुणी बसत नाही. आता रोज माझ्या स्वयंपाकघरात येऊन वाटाणे सोलतो, तेही वाईट.

तुझ्या आयोगात एक खुर्ची रिकामी आहे म्हणे. त्याला बसव. स्पॅनिश येत नाही, नाचता तर मुळीच येत नाही. पण ज्याची बाजू मांडायला कुणी उरलं नाही, त्याच्यासाठीच ना काढलाय आयोग? कुरकुर केलीस तर मी स्वतः येते.

लोभ दोघांवरही असू दे.
ताई