हरकती सुरक्षित आहेत

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
डोंगरावरची खडीची खाण वाढणार. त्यासाठी ग्रामपंचायतीने पर्यावरण आराखड्याचा मसुदा लावला. पाड्याच्या विहिरीपासून पन्नास मीटर सोडून सुरुंग लावावेत, असं त्यात आहे. पाड्याला पाचशे हवेत. हरकती लेखी, ऑफिसात, वीस तारखेपर्यंत. त्यासाठी नेमलेल्या गाव समितीचा अध्यक्ष मी. निवड एकमताने झाली, दुसरं कुणी तयारच नव्हतं. संकल्प: कुणावरही विश्वास ठेवायचा नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७.१०
पाड्यावरची जिवली आली. तीन दिवस घरोघर फिरून बासष्ट हरकती आणल्या. प्रत्येकीवर अंगठा. नव्या सुरुंगांपासून विहिरीचं पाणी पांढरट येतं म्हणाली, आणि खालीही गेलंय. "नरहरीभाऊ, तुमाला कायदा कळतो. ऑफिसात तुमीच द्या." बाईला माणसं ओळखता येतात.
देणारच होतो. पण ऑफिसात दर्पण आहे. आमचा क्लार्क. नवा मोबाईल. डंपरवाल्यांशी हसून हिंदीत बोलतो. हिंदीत का?
हरकतींचं पाकीट कपाटात. किल्ली माझ्या गळ्यात.

१० फेब्रुवारी, सोमवार
दर्पणने विचारलं, हरकती आल्या का? नाही म्हटलं. संध्याकाळी फोनवर पुन्हा तेच. मग चक्क घरी आला. एवढी घाई कुणाला असते? ज्याला कागद गायब करायचे असतात त्याला. कपाटाला दुसरं कुलूप लावलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
खाणवाल्याने न मागता एक डंपर खडी पाठवली. लाच आहे, लगेच ओळखलं. परत पाठवली असती तर पुरावा हातचा गेला असता. ठेवून घेतली. ढिगावर कुत्री बसायला लागली म्हणून पुरावा अंगणात नीट पसरून घेतला. यंदा पावसात चिखल होणार नाही, पण तो वेगळा मुद्दा.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सुलू म्हणते, कागद देऊन टाका आणि पोच घ्या. माझ्या बायकोला 'पोच' कुणी शिकवलं? तिचं माहेर सालवडचं. दर्पणही सालवडचाच. जेवताना कमी बोललो.

२० फेब्रुवारी, गुरुवार
शेवटचा दिवस. प्लॅन: दर्पणला टाळून थेट पालघर, जिल्ह्याच्या साहेबांच्या हातात. साहेब मीटिंगमध्ये. आवक-जावकच्या बाईंनी विचारलं, पाकिटात काय आहे? त्यांना काय करायचंय? पाकीट घेऊन परत. वाणगावला उतरलो तेव्हा सात वाजले होते. दर्पण साडेसहापर्यंत ऑफिस उघडं ठेवून माझी वाट बघत होता म्हणे. माझा संशय खरा ठरला.
हरकती सुरक्षित आहेत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
ग्रामसभा. दर्पणने वाचलं: मुदतीत एकही हरकत आली नाही, आराखडा जसाच्या तसा मंजूर. पन्नास मीटर. वाचताना तो माझ्याकडे बघत होता. मी पंख्याकडे. कुणीतरी आतून फितूर आहे. शोध घेणार.

११ मार्च, मंगळवार
सकाळी सुरुंगाने कपाटाची काच तडकली. दुपारी जिवली आली. भांडायला आली असेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. ती ओट्यावर बसली. पाणी दिलं ते सगळं प्यायली. मग म्हणाली, "भाऊ, विहिरीत पानी नाय. आमचे अंगठे तेवढे परत द्या."
दोन्ही कुलपं उघडली. तिने एकेक कागद मोजून घेतला. बासष्ट. एकही कमी नाही, असं मी म्हणालो. ती उठली. पाकीट पदराखाली धरून अंगणातल्या खडीवरून अनवाणी, सावकाश गेली.
लाज वाटली. दर्पणवर संशय घेऊन बघितला, मग सुलूवर, मग पालघरच्या त्या बाईंवर. कुणावरच बसेना.
रिकाम्या कपाटाला दोन्ही कुलपं लावून ठेवली.