दहा वर्षं हात लावायचा नाही

३ मार्च, मंगळवार

दहा वर्षं! आई म्हणते, दहा वर्षं हात लावायचा नाही!

वय सत्याहत्तर. हृदयाची झडप अरुंद झालेली. जिन्याच्या वळणावर उभी राहून खिडकीतून बाहेर बघायचं नाटक करते, दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून. आणि ही बाई मुदत संपलेली ठेव काढून बॅटरीच्या कंपनीचे शेअर घेऊन मोकळी झाली. मला सांगितलं कधी? आज, चहा गाळताना. दूध आलंय, हे जसं सांगावं तसं.

"आणि ऑपरेशन?" मी म्हटलं.

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. माझं आता काय राहिलंय?"

काही राहिलं नाही, तर दहा वर्षं कशाला हवीत गं तुला? तोंडाशी आलं होतं. गिळलं. चहाही तसाच ठेवून दातांच्या लॅबला कामावर गेले. तळपायाची आग अजून मस्तकातच आहे.

४ मार्च, बुधवार

दिवसभर आईशी बोलले नाही. तिच्या लक्षातही आलं नाही!

५ मार्च, गुरुवार

कोपऱ्यावरच्या वाचनालयाला रंग देताहेत, म्हणून गुरुवारची मंडळी आज आमच्याकडे. या मंडळींनीच आईला नादाला लावलं. म्होरके खालच्या मजल्यावरचे मास्तर. जन्मभर भूगोल शिकवला, आता शेअर शिकवतात. त्यांच्याबरोबर सिस्टर — कधीच्या निवृत्त झाल्या, पण अजून खोलीत शिरल्या की आधी सगळ्यांचे चेहरे तपासतात. आणि चपलांचं दुकान बंद केलेलं ते जोडपं. नवरा बोलतो, बायको मान हलवते, आणि घरी गेल्यावर बायको सांगते तेच होतं म्हणे.

मी मुद्दाम लवकर आले होते. स्वयंपाकघरात भांडी घासत बसले आणि कान बाहेर ठेवले.

मास्तर समजावत होते. आताच्या बॅटरीत पातळ रसायन असतं, तेच पेट घेतं. यांच्या बॅटरीत सगळं घट्ट. पेटायचा प्रश्न नाही, आणि चहा पिऊन होईपर्यंत गाडी चार्ज.

"प्रयोगशाळेत हो," सिस्टर म्हणाल्या. "विकायला आहे का एक तरी?"

"पुढच्या वर्षी कारखाना सुरू होतोय."

"गेल्या वर्षीही पुढच्याच वर्षी होत होता."

बाहेर जाऊन सिस्टरना मिठी मारावीशी वाटली!

"आणि पैसे संपले की हे नवे शेअर काढतात," त्या पुढे म्हणाल्या. "म्हणजे आपला वाटा आपोआप लहान. कमाईची दमडी नाही. मोठे लोक कधीच बाहेर पडतील, अडकणार तुम्ही-आम्ही."

मग आईचा आवाज. "कारखाना काय हवेवर बांधणार? पैसे लागणारच. आणि माल बाजारात आल्यावर घ्यायचं तर मग दुकानात जाऊन सेलच विकत घ्या की, शेअर कशाला घेताय?" चपलावाले हसले. आईला तेवढंच हवं असतं. "सगळी नोकरी मी वीजबिलाच्या खिडकीत काढली. वीज गेली की लोक येऊन मला शिव्या घालायचे. मला! जशी काही मीच घरी घेऊन गेले! जो कुणी ती स्वस्तात साठवून दाखवेल ना, त्याच्या दारात जग रांग लावेल. वेळ लागेल. दहा वर्षं लागतील. लागू देत."

लागू देत! पर्समध्ये सुट्या पैशांसारखी दहा वर्षं घेऊन फिरते जशी!

एवढं एका दमात बोलली. तिला दम लागला नाही, मलाच लागला. हातातली बशी आपटली ती फुटली. मास्तर बाहेरून ओरडले, "लागलं का गं काही?" तुकडे गोळा करायला लागले.

८ मार्च, रविवार

दादाला फोन केला. म्हटलं, तू थोरला आहेस, तू सांग तिला. तर म्हणतो, "अगं, तिचे पैसे आहेत, करू दे की. जीव रमतोय ना?"

जीव रमतोय! तीन देश ओलांडून बसलाय आणि उंटावरून शेळ्या हाकतोय. जिन्याच्या वळणावर तिच्याबरोबर उभं मला राहावं लागतं. मीही खिडकीतून बाहेर बघते. दोघीही समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहतो, जसं काही तिथे काही घडणारच आहे.

"ऑपरेशनचं बोल तरी," मी म्हटलं. बोलला. आईने आणि त्याने बॅटरीवरच अर्धा तास काढला. शेवटी मला म्हणतो, "कंपनी वाईट नाही वाटत गं. मीही थोडे घेऊ का?"

फोन ठेवला. आपटलाच.

९ मार्च, सोमवार

लॅबमध्ये एका दाढेची कॅप दोनदा बिघडली. मेण कोरताना पातं नको तितकं दाबलं जात होतं. मालक म्हणाले, "ताई, हा दात आहे, शत्रू नाही." बाकीचे सगळे हसले. मलाही हसू आलं, पण मग त्याचाच राग आला.

नवऱ्याची आणखी वेगळी तऱ्हा. हा बाबा दिवसभर लोकांचे फ्रीज दुरुस्त करतो, घरी येऊन मला थंड करायला बघतो. "तुझी आई नातवंडांची सोय करतेय," म्हणाला. आपल्याला एक मुलगी, ती आताच आपल्यापेक्षा जास्त कमावते. कुणाची सोय? कसली सोय? मला कंपनीतलं कळत नाही, मान्य. पण आईचा चेहरा कळतो. ओठ निळसर दिसतात आता संध्याकाळी. हा बॅटरीच्या आलेखाकडे बघतो, म्हणे मस्त वर चाललाय!

१२ मार्च, गुरुवार

आज हृदयाच्या डॉक्टरांकडे. आईने सकाळची वेळ घ्यायला लावली, कारण संध्याकाळी गुरुवारची मंडळी! कपाळावर हात मारून घेतला.

डॉक्टर तरुण, पण नीट बोलणारे. पडद्यावर झडप दाखवली. उघडायला हवी तेवढी उघडत नाही. म्हणाले, "आजी, छाती उघडायची नाही. मांडीतून नळी घालून नवी झडप बसवतो. पण अजून थांबलात, तर मग मीही काही करू शकणार नाही." मी आईकडे बघितलं. म्हटलं, आता येणार तिचं 'बघू'.

तर तिने विचारलं, "नवी झडप चालते किती?"

"दहाएक वर्षं आरामात."

"दहा?"

"हो. जास्तही चालते कधीकधी."

"मग बसवा," आई म्हणाली. भाजीवाल्याला सांगावं तसं. "कधी बसवताय?"

नऊ एप्रिल मिळाली. विम्यातून बरंच भागेल, उरलेलं मी आणि दादा बघू. मला आनंद व्हायला हवा होता ना? चार महिने मी हिच्या हातापाया पडतेय. रडले, ओरडले, अबोला धरला, दादाला मध्ये घातलं, मुलीला फोनवर रडायला लावलं. पालथ्या घड्यावर पाणी! आणि आज ही तयार झाली कशासाठी? आमच्यासाठी? छे! कारखाना बघायचाय तिला! परत येताना रिक्षात म्हणते कशी, "मंडळी म्हणताहेत उद्घाटनाला सगळ्यांनी मिळून जायचं. भागधारकांना बोलावतात म्हणे. तिथे जिने असतील, आधी झडप बसवलेली बरी."

आमच्यासाठी नाही, बॅटरीसाठी! मी रिक्षाच्या बाहेर बघत बसले. आई गुणगुणत होती.

१३ मार्च, शुक्रवार

अजून राग आहे. पण नऊ एप्रिल कॅलेंडरवर लाल केली. झोप लागली काल, किती दिवसांनी!

१९ मार्च, गुरुवार

आपटली कंपनी! कारखाना दोन वर्षं पुढे. पहिल्या यंत्रांतून निघालेल्या बॅटऱ्या नीट टिकत नाहीत, पुन्हा सगळं मांडायचं म्हणे. शेअर निम्म्यावर आला.

माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली, ते इथे खरं लिहायला हरकत नाही. बरं वाटलं. बरी खोड मोडली, असंच वाटलं. आता तरी शहाणी होईल.

लॅबमधून आले तर मंडळी वाचनालयातून परत येत होती. सिस्टरनी सगळे विकले. चपलावाल्यांनी अर्धे. मास्तरांचा चेहरा उतरलेला. आणि आई? आई जिन्याच्या वळणावर त्यांनाच धीर देत होती! "दोन वर्षं म्हणजे काय मोठं? उशिरा झालं तरी चालेल, पण नीट होऊ दे. खोटं सांगून कारखाना उघडला असता तर मी विकले असते."

काय म्हणावं या बाईला!

२१ मार्च, शनिवार

तिने आणखी घेतले.

हो! आणखी! उरलेली छोटी ठेव होती, तीही मोडली. "स्वस्त मिळताहेत," म्हणाली.

"ती ठेव म्हातारपणासाठी होती!" मी ओरडले.

"हो का? अजून यायचंय वाटतं."

हसली. नवराही हसला. त्या हसण्याने माझं डोकंच फिरलं. मी इथे मर मर मरते, मालकांकडे रजेसाठी तोंड वेंगाडते, डॉक्टरांच्या कागदांसाठी रांगेत उभी राहते, सकाळ-संध्याकाळ हिच्या ओठांचा रंग बघते — आणि हिला सगळा खेळ वाटतो! मग आतापर्यंत गिळलेलं सगळं बाहेर आलं.

"दहा वर्षांनी तू असणार आहेस का? आं? कोण बघणार आहे तुझा कारखाना? सत्याहत्तर वय झालं तुझं! जरा तरी भान ठेव!"

नवऱ्याने टीव्ही बंद केला. आई मोबाइलवर काहीतरी बघत होती. मग चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाली, "खरंय."

एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

२२ मार्च, रविवार

खोटं काय बोलले मी?

२६ मार्च, गुरुवार

आई आज गेली नाही वाचनालयात. मास्तर वर आले बोलवायला. दारातूनच सांगितलं तिने, "बरं नाही वाटत हो." बरं नव्हतं असं काही नव्हतं, सकाळी मेथी निवडली, स्वतःची साडी इस्त्री केली.

मी मास्तरांच्या मागे जिना उतरले आणि वळणावर त्यांना गाठलं. झाडलं चांगलं. म्हटलं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, म्हाताऱ्या माणसांना असल्या धंद्यात ओढता? तुमचं काय, तुमच्यामागे रडणारं कुणी नाही! — हे बोलायला नको होतं. पण बोलले.

मास्तर चिडले नाहीत. म्हणाले, "अगं, मी कुठे ओढलं? मी विकायला निघालो होतो त्या दिवशी. तिनेच थांबवलं. म्हणाली, मास्तर, कशाची तरी वाट बघायला हवी ना. नाहीतर सकाळी उठायचं कशाला?"

"हे ती तुम्हाला सांगते," मी म्हटलं, "मला नाही सांगत!"

"तू तिला गोळ्या घेतल्यास का एवढंच विचारतेस," म्हणाले. आणि खाली निघून गेले.

भूगोलाच्या मास्तरांनी मला माझ्या आईचं सांगावं! संताप संताप झाला. गोळ्या विचारायच्या नाहीत तर काय शेअरचा भाव विचारायचा?

३० मार्च, सोमवार

घर शांत आहे. आई वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. मोबाइल टेबलावर उपडा पडलेला असतो. काही विचारलं की "तू म्हणशील तसं." मी म्हटलं, नऊ तारखेला दवाखान्यात दोन साड्या न्यायच्या की तीन? "तू म्हणशील तसं."

हेच हवं होतं ना मला? मग आता या शांततेचाही राग का येतोय? आज मुद्दाम विचारलं, "काय म्हणते तुझी बॅटरी?" तर म्हणाली, "असेल काहीतरी," आणि कुशीवर वळली.

उद्या मास्तरांकडे जाऊन भाव विचारून येईन. तिच्यासमोर वाचून दाखवीन. वर गेला असला तर बरं.

२ एप्रिल, गुरुवार

मास्तर स्वतःच वर आले, धापा टाकत. भाव वर गेलाय, कारखान्याला मोठं गिऱ्हाईक मिळालंय. मी धावत आईच्या खोलीत सांगायला गेले. तिने सगळे विकलेत. मंगळवारीच. पैसे माझ्या खात्यात. दवाखान्यालाही स्वतःच फोन करून नऊ तारीख रद्द केली. मी हात धरून विचारलं, का गं, का? म्हणाली, "आता कशाला?"

कुणी सांगितलं होतं तिला विकायला!