तुमच्या हातची शिवराई

अण्णा, तुम्ही केलेली नाणी गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर आली. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. एवढी वर्षं ती कुणाच्या पोत्यात, कुणाच्या कपाटात पडून होती देव जाणे. पण सांगलीच्या आपल्या खोलीतून निघालेली ती तांब्याची शिवराई माण तालुक्यातल्या एका म्हाताऱ्याच्या कापडी पिशवीतून कराडला माझ्या घरी पोचली. मी ती बघताक्षणी ओळखली. तेच सांगायला बसले आहे, आणि त्या म्हाताऱ्याशी मी कशी वागले तेही. तुम्हाला कदाचित आवडेल.

ओळखायला तुम्हीच शिकवलं होतं. सराफांच्या दुकानांमागच्या बोळात आपली ती खोली, पुढं तुमचं काम, मागं आईचा स्वयंपाक, मध्ये गोणपाटाचा पडदा. तुम्ही माळेतल्या सोन्याच्या पुतळ्यांचे ठसे कोरायचात, देवांचे टाक करायचात. मी शाळेतून येते आणि तुम्ही माझ्यापुढं सात राणीछाप रुपये मांडता. सहा खरे, एक खोटा. डोळे मिटून, कडेचे कंगोरे नुसत्या बोटांनी चाचपून खोटा काढून द्यायचा. चुकलं की कानशीच्या मुठीचा फटका पेरांवर. आई पडद्याआडून म्हणते, "आवं, लिवायचा हात हाय पोरीचा." तुम्ही म्हणता, "मग डावा पुढं कर." आणि खरंच डाव्यावर मारता. बाराव्या वर्षी मी चुकायची थांबले, तेव्हा तुम्ही शाबास म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी न सांगता सातांत दोन खोटे घातलेत.

एकदा मिरजेकडची एक बाई पुतळ्यांची माळ मोडायला आली होती. मुलाचं ऑपरेशन होतं. तुम्ही एक पुतळी कसोटीवर घासली, कड कापून आत बघितलं आणि पुढं बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "आत पितळ हाय, बाई. सासूनं बनवलं तुला. चाळीस वर्सं पितळ घालून मिरवलीस की!" ते दोघे हसले. बाईला माळ रुमालात परत बांधायला फार वेळ लागला, गाठच बसेना. मी तेरा वर्षांची होते, आणि तुमच्या तोंडाकडं बघत मीही हसले. त्या दिवशी जेवताना तुम्ही तुमच्या ताटातली कुरडई उचलून माझ्या ताटात टाकलीत. तुमच्याकडून मिळालेलं दुसरं काही मला आठवत नाही.

पुढं पुतळ्या मशीनवर निघायला लागल्या आणि तुमच्याकडं येणारी माणसं कमी झाली. मग तो स्कूटरवाला व्यापारी यायला लागला. त्याच्यासाठी तुम्ही शिवराईचे, शिवाजी महाराजांच्या काळच्या तांब्याच्या पैशाचे, ठसे कोरलेत, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. घरात सांगितलंत, "देवळात वाहायला लागत्यात." तांब्याच्या चकत्या ठशांमध्ये धरून तुम्ही घणाचा घाव घालायचात. मग आईच्या डाळीच्या पातेल्यात मीठ आणि नवसागर टाकून ती नाणी भिजत पडायची. त्या पातेल्यात आईनं पुन्हा कधी डाळ शिजवली नाही. नंतर ती नाणी मोरीजवळच्या ओल्या वाळूत पुरायची आणि आठ-आठ दिवसांनी उलटायची, हे काम माझं. हिरवा थर चढला की चिंचेनं अर्धा घासून काढायचा. देवळात वाहायच्या पैशाला म्हातारं कशाला करायचं, हे मला समजत नव्हतं असं नाही.

आता नाणी फोनवर विकतात, अण्णा. कुणीही फोटो टाकतो, कुणीही घेतो, हातात येईपर्यंत ना वजन कळत ना आवाज. फोटो अंधूक असतो, कडेचा तर नसतोच, आणि सोबत एक गोष्ट असते: आजोबांच्या पेटीत सापडलं, पाया खणताना हंड्यात मिळालं. मी लोकांना सांगते, गोष्ट विकत घेऊ नका. कडेचा फोटो मागा, काट्यावर ठेवलेला फोटो मागा, तोच फोटो आणखी कुणी लावलाय का ते शोधा. जुनी नाणी हातानं पाडलेली, प्रत्येकावर घाव वेगळा बसतो. दोन नाणी अगदी सारखी दिसली की दोन्हींवर संशय घ्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली माझी नोकरी कुणाला ठाऊक नसेल, पण नाण्यांच्या फोनवरच्या गटात माझा शब्द शेवटचा असतो. दर रविवारी सकाळी पाच-सहा जण आपापली खरेदी घेऊन माझ्या घरी येतात.

तशाच एका रविवारी तो म्हातारा आला. पायात जाड चपला, डोक्याला पटका. लहानपणी मेंढरांमागं, मग अर्धं आयुष्य मुंबईत हमाली, आता परत गावाकडं मेंढरांतच. पिशवीतून त्यानं अकरा शिवराया काढल्या, एकेक कागदात गुंडाळलेली. "ताई, नातीनं फोनवरनं मागवून दिल्यात. दोन वर्सं लागली बगा. गावच्या शाळंत काचंचं कपाट केलंय, त्यात ठिवायच्यात. सोमवारी सत्कार हाय माजा. खऱ्या हाईत म्हणून दोन वळी लिवून द्या." मग म्हणाला, "मी शाळंत गेलो न्हाई कवा. आता नाव तरी लागंल तितं."

मी एक उचलली, मग दुसरी, मग दोन्ही शेजारी ठेवल्या. चकती नीट बसावी म्हणून तुम्ही ठशाला खाच केली होती, त्यामुळं 'श्री' दोन्हींवर एकाच जागी अर्धी कापलेली. आणि 'ति'ची वेलांटी तुमची. तशी शेपूट मुरडलेली वेलांटी मी आपल्या दारावरच्या, तुम्ही कोरलेल्या पाटीवर रोज बघत होते.

"बाबा, मेंढरू घेताना दात बघता की नाही?" मी विचारलं.

"बगतो की."

"मग हे घेताना डोळे मेंढरांपाशी ठेवून आला होता का?"

बसलेले सगळे हसले. म्हाताराही हसला, त्याला वाटलं मी कौतुकानं चेष्टा करते आहे. मग मी सांगितलं, हा कचरा आहे. तो म्हणाला, "सगळ्याच?" "सगळ्याच." मग त्यानं विचारलं, "कुणी केलं आसंल वो ह्ये?"

मी म्हटलं, "असेल कुणी भिकारडा कारागीर. हातही धड नाही त्याला. साच्यात ओतून काढलंय नुसतं."

ओतलेली नव्हती, अण्णा. ओतीव नाण्यावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात, कडेला सांधा असतो. तुमच्या कामात तसलं काही सापडणार नाही हे मला माहीत होतं. खोटारडा म्हटलेलं तुम्ही सहन केलं असतंत. हात वाईट म्हटलेलं नाही. म्हणून तेच म्हटलं.

तो चहा घेत होता तेव्हा मी फोटो काढला. पुढं नाणी, मागं बशी ओठाला लावलेला तो. 'असे फसू नका' एवढं लिहून गटात टाकला. तो एस.टी.त बसून होता तेवढ्यात फोटो हातोहात फिरत त्याच्या गावात जाऊन पोचला. दोन दिवसांनी त्याच्या नातीचा फोन आला. स्टँडवर उतरल्या उतरल्या पोरांनी त्याला घेरलं होतं. सत्कार मोडला. शाळेनं त्या कपाटात खेळांच्या ढाली मांडल्या. "आजोबांनी समदी नाणी हिरीत टाकली," ती म्हणाली. "पोरं त्येंना नकली म्हणून हाका मारत्यात. मेंढरं घिऊन रानात गेल्यात, घरला येत न्हाईत. तुमी फोटो कशाला टाकलासा?"

"लोकांनी सावध व्हावं म्हणून."

"मग त्येंचं तोंड कशाला पायजे हुतं त्यात?"

मी फोन ठेवला. पुढच्या रविवारी नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. ठसा कुणाचा ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमची अब्रू राखायला नाही. खोटी नाणी पाडणाऱ्याच्या मुलीच्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवेल?

हा कागद पुरा झाला की मी फाडणार आहे, म्हणून एवढं लिहून टाकते. त्या अकरांतल्या नऊ तुमच्या होत्या. उरलेल्या दोन अस्सल होत्या, झिजलेल्या, जड, कुणाच्या तरी हातून शंभरदा फिरलेल्या. तो "सगळ्याच?" म्हणाला तेव्हा त्या दोन्ही माझ्या बोटांखाली होत्या, आणि मला कळलं होतं. पण खोलीतलं हसू अजून ओसरलं नव्हतं, अण्णा, आणि मला ते थांबवायचं नव्हतं.