सज्ञान यंत्रमानव

दि. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी करून पाठवलेली वरची कवळी पोचली असेल. टोचत असेल तर स्वतः कानस लावत बसू नकोस, परत पाठव. पत्राचं कारण मात्र वेगळंच आहे. आमच्या घरात खटला उभा राहिलाय.

रविवारी दुपारी माझ्या कामाच्या खोलीत, प्लास्टरचे जबडे बाजूला सारून, आम्ही सोंगांचा खेळ खेळतो हे तुला माहीत आहे. मी गोष्ट सांगते, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होऊन बोलतात, अडलं की फासे टाकायचे. सध्याची गोष्ट अंतराळातल्या एका तळावर चालू आहे. आमचे हे यान चालवतात (जन्मभर भूगोल शिकवूनही दर वेळी वाट चुकतात) आणि शेजारची जनावरांची डॉक्टरीण कप्तान आहे.

मामंजी कोपऱ्यात पेपर धरून बसायचे. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं ‘हं’वर आलं होतं. या माणसाने जन्मभर लिलाव पुकारले. त्यांचा आवाज ऐकून म्हणे लोक नको असलेली कपाटं घेऊन घरी जायचे. आता मीठ हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायचे. मागच्या महिन्यात मी त्यांना सहज एक फुटकळ काम दिलं, तळावरच्या यंत्रमानव दुकानदाराचं. गिऱ्हाईक आलं की काय देऊ विचारायचं, बस्स.

डॉक्टरीणबाईंनी ते दुकान विकत घेतलं आणि घोळ झाला. यंत्रमानव म्हणाला की दुकान खुशाल न्या, मी मालात धरलेला नाही, मला स्वतःची जाणीव झाली आहे. मी विचारलं, कधी झाली? तर म्हणाला, आत्ताच, माझ्याकडे न बघता माझा भाव केलात तेव्हा.

तेव्हापासून तो कुणाला आवरत नाही. त्याने बाईंना त्यांच्याच यानाचं दार विकलं. ह्यांच्या यानचालकाचा यांत्रिक डावा पाय तेलपाण्याला घेतला आणि लिलावात काढला. ह्यांनी चढी बोली लावून तो परत मिळवला आणि वर आभार मानले. बाई भडकल्या. अशा जाणीववाल्या यंत्रांच्या व्यापारावर कायद्याची देखरेख हवी, नाहीतर मी चालले, असं म्हणाल्या. नियमांच्या पुस्तकात एवढंच आहे की दुकानदार यंत्र सांगाल तसं वागतं. ते तर वागत नाही! शेवटी सर्वानुमते ठरलं की घरात तुझ्यासारखी निवृत्त न्यायाधीश असताना पुस्तक कशाला, निकाल तूच द्यावास. मामंजीही ‘हं’ म्हणाले, पण चांगलं खणखणीत.

लोभ आहेच, त्यात या वेळी थोडी घाई मिसळावी.

तुझी
खारू

दि. ११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

कवळी उत्तम. शेंगदाणे फुटतात, शेजारीण घाबरते.

तुमचा खटला वाचला. प्रथम वाटलं की पोरीच्या डोक्यात प्लास्टर गेलं. मग दुसऱ्यांदा वाचला आणि दुपारची झोप उडाली. प्रश्न साधा नाही. यंत्र वस्तू असेल तर ते विकू शकत नाही, विकलं जातं. माणूस असेल तर त्याने फसवलं म्हणून पकडता येतं. हे मधलंच काहीतरी आहे. जाणीव होऊन जेमतेम महिना झालाय, म्हणजे वयाने तान्हं. आणि कायद्यात अज्ञान मुलाचा व्यवहार पालकाशिवाय होत नाही.

सबब तूर्त हुकूम असा: सदर यंत्रमानवाने पालकाच्या परवानगीखेरीज काहीही विकू नये. पालक म्हणून जावईबापूंची, म्हणजे यानचालकाची, नेमणूक करण्यात येत आहे. स्वतःचा पाय विकत घेणारा माणूस पालक म्हणून फारसा भरवशाचा नाही, हे मला दिसतंय, पण दुसरा कोणी नाही.

व्याहीबुवांना नमस्कार सांग. डॉक्टरीणबाईंना म्हणावं, शांत व्हा. हुकूम पाळाल तर माया दुप्पट.

तुझी
आत्या

दि. २६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा हुकूम मोठ्याने वाचून दाखवला. यंत्रमानवाने तो तंतोतंत पाळला आणि तिथेच आमची वाट लागली.

पहिल्याच रविवारी गिऱ्हाइकाने खिळा मागितला तरी तो ह्यांच्याकडे वळून विचारायचा की पालकसाहेब, देऊ का. तळावर आग लागली, पाणी त्याच्या दुकानात, आणि पालकसाहेब वाट चुकून दुसऱ्याच ग्रहावर. अर्धा तळ जळाला. यंत्रमानव पाण्याच्या टाकीला टेकून, परवानगीची वाट बघत, अदबीने उभा.

तरी खेळ होता तोवर ठीक होतं. पण ह्यांच्या अंगात पालकपण घुसलं. बाबा, स्वेटर घाला, बाबा, जिन्यावरून सावकाश, बाबा, दुसरा चहा नको. मामंजींनी एकदाही वाद घातला नाही. ते सगळं मान्य करायचे आणि आंघोळीला जाण्याआधी, टॉवेल खांद्यावर टाकून, पालकांची हरकत नाही ना असं विचारायचे. आधी मला हसू यायचं. मग येईनासं झालं.

परवाच्या रविवारी मी गोष्ट सुरू केली, गिऱ्हाईक दुकानात गेलं, तर मामंजी म्हणाले, यंत्र बंद आहे. पुन्हा पेपर. पुन्हा ‘हं’. आणि काल डॉक्टरीणबाईंनी मला हळूच सांगितलं की त्यांच्या दवाखान्यावरची खोली भाड्याने मिळेल का, असं मामंजी विचारून गेले. आत्या, मामंजी घर सोडायच्या विचारात आहेत. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. बाई तर रडवेल्या झाल्यात. म्हणतात, मला तो लबाड दुकानदार परत हवाय, दार गेलं खड्ड्यात.

काय करू ते लिही. आशीर्वाद नंतर दिलास तरी चालेल.

तुझी
खारू

दि. २७ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाईंस,
सा. न. वि. वि.

सूनबाईंनी आपल्याला पत्र लिहिल्याचं कळलं. आरोपीची बाजू कोणी ऐकली नाही, म्हणून मीच लिहितो. लिहायची सवय गेली आहे, अक्षराला हसू नये.

मी लिलाव पुकारत असे. टेबलावर उभा राहून माणसांशी भांडणं हाच माझा धंदा. कोणी म्हणे मेजाचा पाय हलतो. मी म्हणे, तुमची मान हलतेय. घरी हिच्याशी तेच. ती मला लबाड म्हणायची, मी तिला कंजूष म्हणायचो, आणि संसार झकास चालला. ती गेली आणि घरात सगळे माझ्याशी चांगलं वागू लागले. मुलगा आवाज चढवत नाही. सून माझं चुकलं तरी बरोबर म्हणते. काचेच्या भांड्यासारखं उचलतात, ठेवतात. अशा माणसाने बोलायचं तरी काय?

मग त्या डॉक्टरीणबाईंनी भर खेळात मला लबाड म्हटलं. विहीणबाई, खरं सांगतो, त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मला कायदा नको असं नाही. मी दार विकलं, पाय विकला, गुन्हा कबूल. मला पकडा, दंड करा, कोठडीत टाका. पण पालक नेमू नका. ज्याला शिक्षा करता येते तो माणसात जमा असतो. ज्याला नुसतं सांभाळायचं, तो सामानात. शिक्षा करा, पण सांभाळू नका, एवढीच विनंती.

उलट टपाली न्याय यावा. स्नेह नंतर सवडीने.

आपला
यंत्रमानव दुकानदार

दि. ५ मार्च

ती. व्याहीबुवांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र वाचून मी खुर्चीवरून उठले आणि बराच वेळ घरात फेऱ्या मारल्या. आरोपीला न ऐकता हुकूम काढायचा नसतो, हे नव्या न्यायाधीशांना मीच शिकवत असे. तो हुकूम रद्द.

निकाल असा. आपण दुसऱ्याला फसवतोय हे ज्याला कळतं, तो अज्ञान नव्हे. आरोपी यंत्रमानव सज्ञान आहे. त्याला पालक नाही, मालकही नाही. व्यापार करावा, पण कायदा त्यालाही लागू. पाय विकल्याबद्दल तो दोषी आहे. शिक्षा, एक अख्खा रविवार तळाच्या कोठडीत. दाराच्या बाबतीत कप्तानबाईंनी आपलं दार ओळखायला हवं होतं, सबब तक्रार फेटाळली.

भाड्याच्या खोलीचं माझ्या कानावर आलं आहे. तो आपला प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. पण मुलाला न सांगता जाऊ नये. भांडून जावं.

आपण लबाड आहात, असं माझंही मत झालं आहे. ते कायम राहावं.

आपली
विहीणबाई

दि. १७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शिक्षा अमलात आली. प्लास्टरची पोती ठेवते ती कोठी आम्ही कोठडी केली. मामंजी ताठ मानेने आत गेले, बाईंनी बाहेरून कडी घातली, आणि पोती बोलीला लागल्याचा पुकारा आतून सुरू झाला. बाईंनी दोन घेतली. माझीच पोती!

ह्यांनी दारावर थाप मारून बजावलं की कैद्याने व्यापार करू नये. मामंजी आतून म्हणाले, मग तू तरी आईचं शिवणयंत्र कुणाला विचारून देऊन टाकलंस?

हे हळू आवाजात म्हणाले की ते बघून तुम्हाला त्रास होईल असं वाटलं. मामंजी ओरडले की त्रास माझा होता, मला विचारायचं होतंस, गाढवा. मग मात्र हे जे ओरडले, तसं मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. म्हणाले, विचारणार कसं, तुम्ही ‘हं’शिवाय बोलत होतात का? आई माझीही गेली! कोठीच्या दाराला दोन्ही बाजूंनी दोघं असे भिडले होते की खालचा शिंपी काय झालं म्हणून वर आला. बाईंनी त्याला खेळ चालू आहे असं सांगून परत पाठवलं.

बऱ्याच वेळाने आवाज थांबले. मी कडी काढली तर दोघांचे डोळे लाल. मामंजी नखशिखान्त पांढरे, नुसते प्लास्टर. हे रुमालाने त्यांचं तोंड पुसायला गेले, मग थबकले आणि रुमाल नुसता पुढे केला. मामंजींनी स्वतः पुसलं.

खोलीचा विषय संपला. शिवणयंत्र ज्या बाईंना दिलं होतं त्यांच्याकडे दोघं जाऊन आले. त्या रोज त्यावर काम करतात हे बघून मामंजींनी परत मागितलं नाही, फक्त चाकाची वादी सैल झालीय म्हणून त्यांना झापलं. येताना बाप-लेक वाट चुकले आणि दोष कुणाचा यावर अजून भांडताहेत.

आज तर गंमतच झाली. मामंजी म्हणाले, या घरात आमटीला चव नसते. हे म्हणाले, मग तुम्हीच करा. आणि ते खरोखर स्वयंपाकघरात गेले. त्यांनी आयुष्यात कधी गॅस पेटवलेला नाही. मी इथे पत्र लिहीत बसले आहे, आणि आतून करपल्याचा वास येतोय. हे दारापर्यंत जाऊन दोनदा माघारी आले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय, पण उठत नाही. तुझ्या निकालाप्रमाणे देखरेख करता येत नाही.

जेवायला काय मिळेल ते पुढे कळेलच. आमच्यावर माया ठेव, आणि पोटासाठी एखादं औषध.

तुझी
खारू