खडूचं दार

प्रिय फरहीन,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण तुझ्या अब्बांचं नाव निघालं की चंदगडची रेंज जाते, हा माझा चार वर्षांचा अनुभव आहे. पत्राची रेंज जात नाही. फाडायचंच ठरवलंस तरी निदान चार ओळी वाचून फाडशील. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. परवा एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, आणि वर तिलाच म्हटलं, हात नीट घाला.

इकडे दिवाळी सरली आणि अख्ख्या गावाला नाटकाचा ताप चढलाय. राज्य नाट्य स्पर्धा तोंडावर आलीय. मोठं नाट्यगृह जळाल्यापासून जो तो जागा शोधत हिंडतोय. कुणी मंगल कार्यालयात सराव करतंय, कुणी शाळेच्या वर्गात पोरांच्या बाकांवर बसून खून पाडतंय. आपण अजून शिवाजी पेठेतच, कुस्तीच्या तालमीच्या माडीवर. खाली पोरं फुटबॉलवरून भांडतात, वर आम्ही. दिग्दर्शक विजयसिंहच. अजून तसाच ओरडतो, आणि घसा बसला की खुणांनी ओरडतो.

नाटक बापलेकीचं आहे. बाप म्हणजे तुझे अब्बा, आम्हा सगळ्यांचे चाचा. लेकीचं काम करणारी संयोगिता पुण्याला नोकरी करते, शनिवार-रविवारीच येते. मधल्या दिवसांत तिच्या जागी उभं राहायला कुणीतरी हवं. मी आपली कपड्यांची मापं घ्यायला गेले होते, तर विजयसिंह म्हणाला, "क्रांते, हितं हुबी ऱ्हा की जरा." त्या 'जरा'ला आता दीड महिना झालाय. प्रॉक्सी म्हणजे काय हे तुला मी सांगायचं, म्हणजे कहरच झाला. तीन वर्षं तू तेच केलंस. जी बाई आली नाही तिची जागा तुझी, आणि सगळ्यांची वाक्यं तुला पाठ. पण स्पर्धेच्या दिवशी तू प्रेक्षकांत. स्वतः तीस वर्षं गादीचं दुकान लवकर बंद करून तोंडाला रंग लावणारा माणूस म्हणायचा, "तालमीत चालंल, स्टेजवर न्हाय. माझ्या लेकीला लोकांनी तिकीट काढून बघायचं न्हाय." मग त्या वर्षी नायिकेला कावीळ झाली, सगळे म्हणाले फरहीनला उभी करा, आणि चाचांनी सगळ्यांदेखत तुला काय म्हटलं ते मी लिहीत नाही. तू चपला घातल्यास आणि गेलीस. मला तुझ्या वतीनं अजून राग येतो.

तर या नाटकातही बाप लेकीला घालवतो. लिहिलंय विजयसिंहनंच. कुठून सुचलं विचारलं की त्याचा घसा बसतो. मी दारात उभी, म्हणजे फरशीवर खडूनं काढलेल्या दारात, आणि चाचांचं वाक्य असं: ह्या दारातनं गेलीस तर परत येऊ नको. संयोगितासमोर ते असं म्हणतात की अंगावर काटा येतो. माझ्यासमोर आले की अडकतात. पहिल्या दिवशी माझ्या पायांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जेवून जा." विजयसिंह म्हणाला, "चाचा, वाक्य काय हाय?" तर, "म्हाईत हाय की." पुन्हा सुरुवात केली, पुन्हा जेवून जा. एकदा म्हणाले, "पाऊस हाय, छत्री घे." सगळे हसले, मीही हसले. विजयसिंहला आधी वाटलं वय झालं. मग वाटलं, हेच भारी आहे, हेच ठेवू. पण शनिवारी संयोगिता आली की चाचा लिहिलेलं वाक्य खणखणीत म्हणून मोकळे. म्हणजे विसरत नाहीत. मग माझ्यातच काय आहे? तू उंच, मी बुटकी. तोंडावळाही जुळत नाही. फक्त उभी राहते तुझ्यासारखी, एक पाय रेषेबाहेर टाकून, कारण प्रॉक्सी कशी असते हे मी तुलाच बघून शिकले. आणखी एक, ते दार रोज चाचा स्वतः काढतात आणि रोज जरा रुंद काढतात. परवा विजयसिंह कावला, "चाचा, म्हस आत घ्यायची हाय का?" चाचांनी त्याच रेषेवरून पुन्हा खडू फिरवला. मला त्यांची कीव येते, मग कीव आली म्हणून स्वतःचाच राग येतो.

आता मुद्द्याचं. रविवारी संयोगिता गाडीवरून पडली, पाय प्लास्टरमध्ये. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. विजयसिंह म्हणाला, "क्रांते, तुला पाठ हाय, तूच कर." तुझ्यापासून काय लपवू, मला हवं होतं ते काम. क्षणभर मी मनातल्या मनात संयोगिताचा ड्रेस माझ्या मापाचा केलासुद्धा. आणि चाचा, जे भूमिकावाटपात कधी अवाक्षर काढत नाहीत, ते म्हणाले, "स्टेजवर प्रॉक्सी चालत न्हाय. जिचं काम तिनं करावं." मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. मग त्यांनी हाताचा खडू झटकला आणि खिडकीकडे तोंड करून विचारलं, "चंदगडची सांजची एसटी किती वाजता येती?" विजयसिंह उगाच मोबाईल चाळायला लागला. चाचा जिना उतरून गेले. आता तू सांग, याचा अर्थ काय घ्यायचा? कुणाच्या गाद्या पाठवायच्या असतील चंदगडला. असतीलही. मला खरंच कळत नाही. तू त्यांची लेक आहेस, तुला कळेल. नाटक पुढच्या गुरुवारी आहे. तुला वाक्यं दोन दिवसांत पाठ होतात, ती सोबत ठेवलीत. संयोगिताच्या ड्रेसची शिलाई उसवून तो तुझ्या उंचीचा केलाय. नाही आलीस तर पुन्हा दुमडीन, मला काय, कामच आहे ते. हे पत्र चंदगडच्याच गाडीच्या कंडक्टरजवळ देतेय. आताच त्याला विचारून घेतलं, सांजची गाडी इथं साडेसहाला येते. चाचांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुझीच,
क्रांती