चाकाखालचं लिंबू

डेट्रॉइट

तीर्थरूप आबा,
वेंगुर्ल्याच्या दिशेने हात जोडून नमस्कार.

कार्डावर छापलीय तीच शंभर वर्षांपूर्वीची गाडी मी म्युझियमसाठी दुरुस्त केली. आपल्या होडीच्या इंजिनासारखीच हँडल मारून सुरू होते. हँडल उलटं फिरलं तर मोडतो म्हणून अंगठा त्याभोवती गुंडाळायचा नाही, हे तुम्ही शिकवलेलं इथे उपयोगी पडतंय. काळजी नको.

आईचा गुडघा बरा आहे ना?

काल संध्याकाळी मी गाडीच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. म्युझियमचे साहेब हसले. आज सकाळी कुलूप उघडलं, तर लिंबू चिरडलेलं. इंजिन बंद, ब्रेक ओढलेला. साहेब म्हणतात, ब्रेक घट्ट आहे.

उद्या लोकांसमोर मीच ती सुरू करणार. आयेक सांगू नकात, पण रवळनाथाक गाऱ्हाणा घाला. होडीतलं इंजिन आपल्या अंगावर येत नाही. हिचं हँडल मात्र पुढे आहे. ते मारणाऱ्याला तिच्यासमोरच वाकावं लागतं.

तुमचा,
प्रीतम