लिंबाला टांगलेलं इंजिन

नेरडीगोंडा,
८ सप्टेंबर २०२५

ती. मनकर्णाअक्कास,
धाकट्या रामाजीचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझ्या ॲम्बेसेडरचं इंजिन काल घरच्या घरी काढलं. फुकटात निघालं असं मी गावात सांगून राह्यलो, पण तुझ्यापाशी खरा हिशेब देतो. अंगणातल्या लिंबाचा जाड फाटा गेला. माझ्या अंगठ्याचं नख गेलं. कपडे वाळवायची तार गेली, तिच्यावरची देवकाची नवी साडी काळ्या ऑइलात गेली आणि त्यापायी माझं रात्रीचं जेवण गेलं. बाकी खर्च काही नाही.

झालं असं की बोनेट, रेडिएटर, सायलेन्सरचा पाइप, सगळं मी आणि शेजारच्या डोमाजीनं सुटं केलं. डोमाजी तुला माहीत आहे; मदतीला येतो आणि घडीभरात मुकादम होतो. बोअरच्या मोटारी ओढणाऱ्याची चेनकप्पी आणून लिंबाला बांधली. इंजिन अलगद वर आलं. खालून गाडी मागं ढकलली, तर इंजिनही तिच्यामागं निघालं, गाईमागं वासरू जावं तसं. बॉडीला जोडलेली अर्थिंगची पट्टी सोडायची राहूनच गेली होती! डोमाजी म्हणे ढकला, मी म्हणे थांबा, देवका म्हणे आधी माझी साडी काढू द्या. तिघांचं ऐकता ऐकता फाटाच मोडला. माझा धंदा टायरचा म्हणून निभावलं. खाली ट्रकचे जुने टायर रचले होते. त्यात इंजिन कोंबडी बसते तसं जाऊन बसलं, एक ओरखडा नाही.

इंजिन काढलंच काऊन, असं विचारशील. धम्मदीप गाडी सोडायला आला तेव्हा मी बाजेवर पडलो होतो. गाडी हायवेवरून आमच्या गल्लीत वळली आणि मला टक-टक ऐकू आली. मी उठलोसुद्धा नाही. पडल्या पडल्या सांगितलं, बेअरिंग गेलं. जन्म गेला माझा हायवेच्या कडेला. ट्रक कशानं कण्हतो ते मी जेवता जेवता सांगतो. लोक डॉक्टरला नाडी दाखवतात, मला आवाज ऐकवतात.

तू बेफिकीर राहा. दसऱ्याला तू दरसालसारखी याच गाडीतून नागपूरला दीक्षाभूमीवर जाशील, हा माझा शब्द. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर सूनबाई आधी वाचते, म्हणून हा कागद. माया राहू दे, साडीचं देवकापाशी काढू नको.

तुझा,
रामाजी

उटनूर,
१२ सप्टेंबर २०२५

चि. रामास,
अक्काचा जयभीम आणि देवकाला जास्तीचे आशीर्वाद. तिला त्यांची गरज आहे.

तुझं पत्र मी सूनबाईला, आपल्या मैत्रीला, वाचायला दिलं. लपवून ठेवण्यासारखं त्यात तुझ्या फजितीशिवाय काही नव्हतं. मैत्री हसली, धम्मदीप हसला नाही. दसरा झाला की सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय, असं त्यानं मला पाटीवर लिहून दाखवलं. गाडी चालती असली तर बघू, नाहीतर अंगणात जागा अडवून काय करायची, असं त्याचं म्हणणं. तो वाईट नाही रे. ऑफिसातून दमून येतो, आणि बापाची गाडी पुसायला जातो तेव्हा प्रत्येक वेळी तिचं काहीतरी हातात येतं. माझं नागपूरचं बसचं तिकीटही त्यानं काढून ठेवलंय.

बस मला नको. कंडक्टरचं तोंड हलतं आणि मी पिशवी घट्ट धरून बसते. कोणतं गाव आलं, गाडी का थांबली, काही कळत नाही. यांच्या गाडीत मी चप्पल काढून टाच खाली टेकवते. डांबर कुठं संपलं, गिअर कधी पडला, सगळं कळतं. पैनगंगेचा पूल तर मी डोळे मिटून ओळखते. त्या गाडीत मी बहिरी नसते, रामा.

म्हणूनच एक विचारते. ती टक-टक मलाही लागत होती, पण पुढून नाही. दोन सीटांच्या मधून, खालून. आणि बसस्टँडपाशी इंजिन चालू ठेवून आम्ही उभे होतो तेव्हा टाच शांत होती. गाडी हलली की सुरू. मग यात इंजिनाचा काय दोष? मी धम्मदीपला तेव्हाच सांगितलं होतं. त्यानं लिहिलं, मामांना कळतं.

तब्येत सांभाळ. नखाला हळद लाव, जिभेला आवर घाल.

तुझी,
अक्का

नेरडीगोंडा,
२० सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
रामाजीचा जयभीम, आज जरा वाकून.

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला. देवकाला म्हटलं, कानानं गाडी पारखणारा मी, आणि अक्का मला टाचेचं सांगून राह्यली. देवकानं विचारलं, इंजिन काढायच्या आधी गाडी उभी ठेवून चालू केली होती का. मी म्हटलं, तू भाकरी कर.

मग इंजिन उघडलं. बेअरिंग काढून इच्चोड्याच्या मिस्त्रीला दाखवलं. त्यानं ते चष्मा वर करून पाहिलं, चष्मा खाली करून पाहिलं आणि विचारलं की एवढं चांगलं बेअरिंग मी विकतो का. डोमाजी सोबत होता. म्हणजे आता नेरडीगोंड्यापासून गुडीहत्नूरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

घरी येऊन गाडीखाली शिरलो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा लांब दांडा असतो, त्याच्या जोडातला क्रॉस गंजून खिळखिळा झाला होता. बरोबर दोन सीटांच्या मध्ये, तुझ्या टाचेखाली. नवा क्रॉस हाताएवढाही नाही. बसवायला इंजिनाला बोटसुद्धा लावायचं नव्हतं.

क्रॉस बसवला. पण इंजिन अजून टायरांतच आहे, लिंबाला आता फाटा नाही आणि दसरा दारात आला. तिकीट असू दे जवळ, असं लिहिताना माझा हात जड झाला. रागाव, पण लिहून रागाव.

तुझा,
रामाजी

उटनूर,
२३ सप्टेंबर २०२५

चि. रामास,
जयभीम.

तिकीट मी कालच शेजारच्या शिक्षिकाबाईंना देऊन टाकलं. धम्मदीप चिडलाय. आता तू गाडी आणलीस तर मी जाईन, नाहीतर घरी बसेन.

तुझ्यावरचा राग पुरवून ठेवलाय.

अक्का

नेरडीगोंडा,
४ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
विजयी रामाजीचा सप्रेम जयभीम वि. वि.

आता तरी मान! तिकिटाचं वाचून मी एक दिवस जेवलो नाही. या वेळी देवकानं वाढलं होतं तरी. मग आमच्या गल्लीत नाली खोदायला जेसीबी आला. ड्रायव्हर बिहारचा. त्याला हिंदीतून भाऊ म्हटलं, मिरचीची भजी खाऊ घातली, आणि त्यानं आपल्या त्या लोखंडी हातानं इंजिन उचलून गाडीत असं ठेवलं जसं बाळाला पाळण्यात ठेवावं. अर्थिंगची पट्टी मी सगळ्यात आधी जोडली.

दसऱ्याला धम्मदीपनं चावी माझ्या हातून काढून घेतली ते मला लागलं होतं, खोटं काऊन बोलू. मामांनी जोडलेली गाडी मामांनीच चालवायची म्हणजे आईचे दोन्हीकडून हाल, असं तो मैत्रीला म्हणाला. ते मी ऐकलं. पण बरंच झालं. मागं बसून मला गाडी ऐकता आली. नागपूर येईपर्यंत कान तिच्यावरच होते. एकेक गिअर, एकेक ब्रेक. कुठं टक नाही, कुठं खट नाही. पैनगंगेच्या पुलावर तर इंजिन असं गात होतं की विचारू नको. माझ्या कानांबद्दल आता घरात कोणी बोलायचं नाही.

भंगारवाल्याचं काय झालं ते कळव. तेवढी माया आमच्यावर ठेव, बाकी तुझी टाच सलामत.

तुझा,
रामाजी

उटनूर,
७ ऑक्टोबर २०२५

चि. रामास,
तुला आणि देवकाला अक्काचा जयभीम, आशीर्वाद.

भंगारवाला काल आला होता. धम्मदीपनं त्याला जुना कूलर दिला आणि चहा पाजून वाटेला लावलं. संध्याकाळी गाडीचं चाक खोलून काहीतरी बघत बसला होता. हात काळे करून जेवायला आला.

त्या दिवशी पुलावर त्यानं गाडी हळू केली. मी सांगितलं नव्हतं. हे करायचे तशीच, पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत. माझी टाच खाली होती. उतरल्यावर मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, एवढंच.

देवकासाठी साडी घेतली आहे, येणाऱ्याबरोबर पाठवते. तुझ्यासाठी काही घेतलं नाही.

आणि पुलाचं तू जे लिहिलंस ते मी मैत्रीला दाखवलं नाही. तुझं डोकं माझ्या सीटच्या पाठीला टेकलेलं होतं आणि पैनगंगेच्या अलीकडून हिंगणघाटापर्यंत तू घोरत होतास.

तुझी,
अक्का